हीटर गार हवा फेकतोय? डॅशबोर्ड खोलण्याआधी दोन होजना हात लावून बघा

दादा, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे कुठे समजण्यात गफलत असेल तर लगेच सांगता येईल. गाडी सांगलीची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, सात-आठ वर्षं वापरलेली, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. डिसेंबरात आईवडिलांना घेऊन पहाटे निघालात, कराड-सातारा करत मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वरला गेलात. हीटर पूर्ण लाल खुणेवर ठेवूनही हवा कधी कोमट, कधी सरळ गार. पुढची काच आतून भरून येत होती, ती फडक्याने पुसत गाडी चालवावी लागली. घरी आल्यावर गॅरेजवाल्याने बोनेट उघडून सांगितलं की हीटर कोअर (हीटरचा आतला छोटा रेडिएटर) चोक झालाय, डॅशबोर्ड खोलावा लागेल, बारा-तेरा हजार धरून चाला. करून टाकू का, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर आहे, आत्ता करू नका. गॅरेजवाला चुकीचंच बोलतोय असं मी म्हणत नाही. कोअर चोक होतात, आणि आपल्याकडे बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची जी सवय आहे तिच्यामुळे जरा जास्तच होतात. पण तुम्ही जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्या वाचून माझं लक्ष कोअरवरून उठलं. पहिली, हल्ली सकाळी गाडी पेट्रोलवरून गॅसवर जायला फार वेळ लावते. दुसरी, मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढताना गाडी हीट झाली होती, वाटेतच काम करून घेतलं, त्यानंतर परत तापली नाही.

त्या वेळी 'काम करून घेतलं' म्हणजे नेमकं काय काम झालं, हे मला सगळ्यात आधी कळायला हवं. बिल असेल तर शोधा. नसेल, आणि अशा वेळी बहुधा नसतंच, तर पुढचं वाचा. ते घरच्या घरी कळण्यासारखं आहे.

हीटरची रचना दोन वाक्यांत सांगतो, कारण ती डोक्यात बसली की कुणी उगाच खर्चात पाडू शकत नाही. इंजिनातलं तापलेलं पाणी (म्हणजे कूलंट, पण गॅरेजात आम्ही सगळे पाणीच म्हणतो) बोनेटच्या मागच्या पत्र्यातून एका होजने, म्हणजे रबरी पाइपने, आत जातं, डॅशबोर्डच्या पोटातल्या वहीएवढ्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि दुसऱ्या होजने परत इंजिनात येतं. या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो, आणि ती हवा त्याच्यावरून न्यायची की बाजूने काढायची हे एक फ्लॅप ठरवतो. याच्यापलीकडे आत काही नाही. वेगळं कॉइल नाही, वेगळी आग नाही. काही नव्या डिझेल गाड्यांत जोडीला इलेक्ट्रिक हीटर असतो, पण तुमच्या गाडीचा त्याच्याशी संबंध नाही.

मग हवा गार येण्याची कारणं तीनच खणांत बसतात. एक तर पाणीच पुरेसं तापत नाही. किंवा तापतं, पण कोअरमधून नीट फिरत नाही. किंवा फिरतं, पण हवा त्याच्यावरून जात नाही. तुमच्या गॅरेजवाल्याने मधल्या खणातलं सगळ्यात महागडं कारण आधी उचललं. मी आधी पहिला खण तपासला असता.

आता गॅसची भानगड. बाकीच्यांना हे माहीत नसतं, पण सीएनजी गाडीत हीटरची तक्रार शोधताना याच्यासारखा फुकटचा पुरावा नाही. टाकीत गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरलेला असतो. रिड्यूसर तो दाब उतरवतो, आणि दाब उतरला की गॅस गार पडतो, इतका की रिड्यूसरला गरम पाणी मिळालं नाही तर त्याच्या अंगावर दव आणि पुढे बर्फ धरतो. म्हणून रिड्यूसरमधून इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. बाहेरून किट बसवताना हे पाणी बहुतेक वेळा हीटरच्याच होजला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून घेतात. सिक्वेन्शियल किटमध्ये (जे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडतं) रिड्यूसरवर तापमानाचा सेन्सर असतो. रिड्यूसर ठरावीक तापमानाला येईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालते.

थोडक्यात, तुमचा हीटर आणि तुमचा रिड्यूसर एकाच लाइनीवर आहेत आणि दोघांचंही रडगाणं एकच आहे, गरम पाणी मिळत नाही. नुसता कोअर चोक असता आणि किटची जोडणी समांतर असती, तर हीटर गार राहिला असता पण रिड्यूसर वेळेवर तापला असता. जोडणी जर एकामागून एक असेल, म्हणजे पाणी कोअरमधून निघून मग रिड्यूसरला जात असेल, तर चोक कोअरने दोघंही उपाशी राहतील, हे मान्य करतो. जोडणी कशी आहे ते गाडी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. थंडीत सगळ्याच गाड्या गॅसवर जायला थोडा जास्त वेळ घेतात, तेही खरं. पण तुम्ही 'फार वेळ' लिहिलंय आणि 'हल्ली' लिहिलंय, म्हणजे मागच्या थंडीत असं होत नव्हतं.

शिवाय सांगली ते सातारा हायवेला गाडी दोनएक तास पळाली होती. पहिल्या पंधरा मिनिटांत हवा गार येणं वेगळं. दोन तासांनी मेढ्याला हवा कोमट येत असेल तर 'इंजिन अजून तापलं नसेल' ही सबब चालत नाही. तापायला पाहिजे होतं. का तापलं नाही?

माझा पहिला संशय थर्मोस्टॅट वॉलवर आहे. ते खराब झालं असेल असं नाही, ते गाडीत नसेलच असा संशय आहे.

वॉलचं काम असं की इंजिन गार असताना रेडिएटरकडे जाणारा रस्ता बंद ठेवायचा. आत मेणाची एक छोटी डबी असते. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, त्याच्या जोराने वॉल उघडतं. पाणी गार झालं की स्प्रिंग ते परत मिटवते. वॉलच्या पत्र्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो, तेवढ्या अंशांवर ते उघडायला लागतं. हीटरची लाइन रेडिएटरच्या या रस्त्यापासून वेगळी असते, त्यामुळे वॉल बंद असलं तरी हीटरला पाणी मिळत राहतं. उलट तेव्हाच सगळी उष्णता हीटरच्या वाट्याला येते.

आता मे महिना डोळ्यासमोर आणा. खंबाटकीचा चढ, पुढे ट्रकची रांग, एसी चालू, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला. काटा वर जातो, वाफ निघते, गाडी बाजूला घेतली जाते. मेकॅनिक येतो, वॉल काढून खिशात घालतो, त्याच्या जागी नुसती गॅसकेट दाबून बोल्ट आवळतो आणि म्हणतो, "साहेब, आपल्या हवेत याची गरजच नाही, हे थंड मुलखातल्या गाड्यांना असतं." पाणी आता अखंड रेडिएटरमधून फिरतं, त्यामुळे गाडी तापायची थांबते. मालकाला वाटतं रोग बरा झाला. खरं तर रेडिएटर चोक होता, किंवा पंखा वेळेवर लागत नव्हता, किंवा कॅपचा रबर गेला होता. ते तसंच राहतं.

आणि हीटर मेमध्ये कोण लावून बघतो? आपल्या भागात हीटरची गरज वर्षातून महिना-दीड महिना, तीसुद्धा तुम्ही वर चढलात तर. सांगलीत जानेवारीतही काचा वर केल्या की भागतं. त्यामुळे उन्हाळ्यातली ही कारागिरी डिसेंबरात, वेण्णा तलावाच्या काठी दव गोठायला लागलं की उघडी पडते. मधे सहा-सात महिने गेलेले असतात, दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. माझं गॅरेज साताऱ्यात असल्याने वर जाणाऱ्या टुरिस्ट गाड्या थंडीत हीटरची तक्रार घेऊन माझ्याकडे थांबतात, आणि त्यांत हा प्रकार मला सगळ्यात जास्त दिसतो. तरुण मेकॅनिकही अजून हेच करतात, कारण त्यांना तसंच शिकवलं गेलंय.

वॉल नसलेल्या गाडीचं नुकसान हीटरपुरतं राहत नाही. इंजिन गार आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये साठलेली ओल उडून जात नाही. तुमच्या बाबतीत वर गॅसवर जायला उशीर, म्हणजे तेवढा वेळ महाग इंधन जळतंय.

तुम्ही 'कधी कोमट, कधी गार' असं लिहिलंय. यातलं 'कधी' म्हणजे नेमकं केव्हा, हे मला हवं आहे. कारण इथे दोन रोगांच्या खुणा एकमेकांच्या बरोबर उलट असतात. वॉल नसेल किंवा उघडं अडकलं असेल तर घाट चढताना, इंजिनवर ताण असताना हवा बऱ्यापैकी कोमट येते, गर्दीत उभं राहिलं तरी जरा सुधारते. पण हायवेला वाऱ्यावर पळताना किंवा घाट उतरताना, ॲक्सिलेटरवरून पाय काढलेला असताना, हवा गार पडते. पाणी कमी असेल, एअर धरली असेल (पाण्याच्या लाइनीत हवा अडकली असेल) किंवा वॉटर पंप थकला असेल तर उलटं होतं. गाडी रेस केली की गरम हवा येते आणि सिग्नलला उभी राहिली, इंजिन सावकाश चालायला लागलं, की गार. पुढच्या खेपेला एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं निदान झालं.

आता हात लावून बघायचं काम. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना करा. रेडिएटरची कॅप फक्त याच वेळी उघडायची. तापलेल्या गाडीची कॅप उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असू शकतं आणि झाकण सुटताक्षणी ते तोंडावर येतं. गार गाडीत कॅप उघडली की पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आहे म्हणून रेडिएटरही भरलेला आहे असं धरू नका. कॅपचा रबर गेला असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा, असं सर्रास होतं. (काही गाड्यांत रेडिएटरला कॅपच नसते, बाटलीवरच दाबाचं झाकण असतं. तिथे बाटलीची खूण बघा.) पाणी कमी निघालं तर तिथेच थांबा, आधी ते कुठे गेलं ते शोधायचं. त्याबद्दल खाली लिहितो.

पाणी भरलेलं असेल तर कॅप लावा, गाडी चालू करा, एसी बंद ठेवा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर हात ठेवून उभे राहा. सैल बाही, मफलर, ओढणी पंख्यापासून लांब. विजेचा पंखा न सांगता लागतो. वॉल धड असेल तर हा होज बराच वेळ गारच राहतो, आणि मग पाण्याने उघडायचं तापमान गाठलं की थोड्याच वेळात चांगला चटका बसेल इतका तापतो. तो बदल हाताला स्वच्छ कळतो. वॉल नसेल तर असा टप्पा लागतच नाही. होज पहिल्या एक-दोन मिनिटांपासून हळूहळू कोमट होत जातो आणि कोमटच राहतो. एक अडचण सांगून ठेवतो, काही इंजिनांत वॉल खालच्या होजच्या तोंडाशी असतं. तिथे वरचा होज तसाही लवकर तापतो, तेव्हा खालच्या होजवर हात ठेवून हीच परीक्षा घ्यायची. तुमच्या गाडीत कुठे आहे ते होज इंजिनला जिथे लागतो तिथल्या दोन-तीन बोल्टच्या टोपणावरून कळेल. मेमध्ये काम झालं असेल तर त्या बोल्टांची डोकी घासलेली, गॅसकेटची पेस्ट बाहेर आलेली दिसेल. ते दिसलं की मी तरी आणखी पुरावा मागत नाही.

काट्यावर किंवा दिव्यावर विसंबू नका. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो, आणि तो विझतो तेव्हा पाणी पूर्ण तापलेलं नसतं. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) कुणाकडे असेल तर मागून घ्या. मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. हायवेला पंधरा-वीस मिनिटं पळून तो आकडा ६०-६५ च्या आसपास घुटमळत असेल तर वॉल नाही किंवा उघडं अडकलंय. ८५-९५ च्या दरम्यान स्थिर असेल तर वॉलवरचा माझा संशय चुकला, पुढे चला. कधी कधी पी ०१२८ हा कोडही साठलेला सापडतो. त्याचा अर्थच असा की पाणी वॉलच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही.

आता शीर्षकातले दोन होज. गाडी चालवून आणा, चांगली तापू द्या, आत हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पहिल्यावर ठेवा. मागच्या पत्र्यातून आत जाणारे दोन बोटभर जाड होज शोधा आणि दोन्हींना आळीपाळीने हात लावा, आधी उलट्या हाताने, कारण तापलेले असतील तर दोन-तीन सेकंदांच्या वर धरवत नाहीत.

दोन्ही सारखेच कोमट असतील तर पाणीच तापत नाही, वर सांगितलेलं वॉलचं प्रकरण. एक चटका देतोय आणि दुसरा गार, तर पाणी कोअरमध्ये शिरतंय पण फिरत नाही: कोअर चोक, किंवा एअर धरलीय, किंवा जुन्या पद्धतीची गाडी असेल तर होजवरचा हीटरचा कॉक उघडत नाही. (या कॉकला आतून केबल येते, तिची क्लिप सुटली की लिव्हर कितीही सरकवा, कॉक हलत नाही. पाच मिनिटांचं, बिनखर्चाचं काम.) दोन्ही गार आणि इंजिन मात्र तापलेलं, तर हीटरच्या लाइनीत पाणी येतच नाही, किटवाल्याने टाकलेले टी आणि होज बघा, कुठे तरी होज वळून दबलेला असतो किंवा टीच्या उंचवट्यात हवा बसलेली असते. आणि दोन्ही होज सारखे तापलेले असतील, हात धरवत नसेल, तरी आत गार हवा येत असेल, तर कोअर ठणठणीत आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. त्या परिस्थितीत जो कोअर बदलायला सांगेल त्याला हे होज पकडून बघायला सांगा.

एअर धरण्याबद्दल जरा सविस्तर, कारण बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत आणि पाणी बदलल्यानंतर हे फार होतं. पाणी ओतताना आत हवेचा फुगा अडकतो, तो उंच जागा शोधतो, आणि बऱ्याच गाड्यांत हीटर कोअर हीच त्या सगळ्या लाइनीतली उंच जागा असते. डॅशबोर्डमधून पाणी खळखळल्याचा आवाज आला, विशेषतः गाडी चालू करताना किंवा रेस करताना, तर फुगा आहे असं समजा. काढायची पद्धत अशी. गाडी गार असताना तोंड चढाकडे करून लावा, घरापुढचा उतार पुरतो. हीटर गरमवर. कॅप उघडी ठेवून गळ्यापर्यंत कूलंट भरा, गाडी चालू करून सावकाश चालू द्या, मधूनमधून वरचा होज हाताने दाबा आणि सोडा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तेवढं भरत राहा. वॉल उघडलं की एकदम बरंच पाणी ओढलं जातं. बुडबुडे थांबले, पंखा एकदा लागून बंद झाला, की कॅप लावा. काही इंजिनांना हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो, तो असेल तर काम सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत बघायची, थोडी उतरलेली असतेच.

बुडबुडे थांबतच नसतील, रोज एअर धरत असेल, पाणी रोज कमी होत असेल आणि खाली थेंबही पडत नसेल, तर मात्र हीटरची चिंता सोडा आणि हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) तपासून घ्या. मेमध्ये गाडी वाफ निघेपर्यंत तापली होती, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तापलेलं इंजिन बंद न करता 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' म्हणून चालवलं असेल तर शक्यता वाढते. गळती असेल तर रेडिएटरचे सांधे, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक आणि होजच्या क्लिपा बघा. आतल्या बाजूला डाव्या सीटपुढचं मॅट उचलून बघा. ओलं असेल तर ते पाणी बोटांत चोळा. एसीचं पाणी साधं असतं. कूलंट चिकट, गुळगुळीत, किंचित रंगीत असतं आणि वास गोडसर येतो. तुमची काच भरून येत होती, त्या धुक्यात असा वास आणि काचेवर तेलकट थर होता का? असेल तर कोअर चोक नसून गळतोय आणि तुमच्या गॅरेजवाल्याचा खर्च खरा ठरतो. डॅशबोर्ड खोलावाच लागेल.

चोक झालेला कोअर लगेच बदलायची गरज नसते. दोन्ही होज पत्र्याजवळ सोडायचे आणि ज्या तोंडातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडातून, म्हणजे उलट दिशेने, बागेच्या नळीने हलक्या दाबाने पाणी सोडायचं. आधी चहासारखं तांबडं पाणी आणि गंजाचे कण येतात, मग स्वच्छ. दिशा दोन-तीनदा बदलायची. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका. जुना कोअर रेडिएटर कॅपएवढ्या, म्हणजे सुमारे एक बारच्या दाबासाठी बनवलेला असतो, त्याच्यावर टायरचा दाब मारला तर चोकऐवजी गळका कोअर हातात येतो. धुतल्यावर निम्मा जरी उघडला तरी आपल्याकडच्या थंडीला पुष्कळ होतो. त्यानंतर बोअरचं किंवा नळाचं पाणी घालणं बंद. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचं कूलंट घ्या. तयार मिश्रण असेल तर तसंच ओता, कॉन्संट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला. हिरवं-लाल रंग बघून ठरवू नका, वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याला बर्फाची भीती नाही, पण कूलंटमधल्या गंजरोधकाची आणि वाढलेल्या उत्कलनबिंदूची गरज आहे. महाबळेश्वरची उंची १,३०० मीटरच्या वर आहे, तिथे उघडं साधं पाणी १०० अंशांच्या चार-पाच अंश आधीच उकळतं. म्हणून कॅपचा रबरही धड पाहिजे.

हवेच्या बाजूचे दोष मी थोडक्यात उरकतो, कारण तुमच्या लक्षणांवरून तिकडे काही दिसत नाही. फ्लॅपची केबल सुटलेली असते, किंवा मोटरवर चालणारा फ्लॅप असेल तर गरम-गार फिरवताना डॅशबोर्डमधून टक-टक आवाज येत राहतो. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल तर रेझिस्टर गेला. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून झटका. उसाच्या वाहतुकीत धुळीने तो गच्च होतो, आणि शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या ब्लोअरमध्ये उंदरांची घरटीही मी काढली आहेत.

दुरुस्ती होईपर्यंत परत वर जायची वेळ आली तर काचेचा प्रश्न हीटरशिवायही सुटतो. आतली हवा फिरवायचं बटण बंद करा, बाहेरची हवा घ्या, एसी चालू करून ती पुढच्या काचेवर सोडा. थंडीत एसी कशाला, असं सगळे म्हणतात. पण काच भरते ती माणसांच्या श्वासातल्या ओलीने, आणि एसी ती ओल काढून घेतो. हीटर धड झाल्यावरही ओल्या थंडीत दोन्ही एकत्र लावा, काच झटकन साफ होते. फक्त पॉइंटवर सूर्योदयाची वाट बघत काचा बंद करून, गाडी चालू ठेवून म्हाताऱ्या माणसांना आत झोपवू नका. सायलेन्सर कुठे फुटलेला असेल तर धूर आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅरेजला गेलात की आधी वॉल आहे का ते टोपण उघडून तुमच्यासमोर बघायला सांगा. डॅशबोर्डच्या मानाने हे अगदी किरकोळ काम आहे. वॉल बऱ्याच छोट्या गाड्यांचं काहीशे ते हजार-दीड हजारांत मिळतं. नवं वॉल बसवण्याआधी घरच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून उघडतंय का बघता येतं. जुनं सापडलंच तर त्याचीही हीच परीक्षा. गार असताना ते पूर्ण मिटलेलं असलं पाहिजे, प्रकाशासमोर धरलं तर फट दिसता कामा नये. बऱ्याच वॉलना कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. वॉल उभं बसत असेल तर ती पिन वरच्या बाजूला ठेवायची, हवा तिथून निघते. पुस्तकात जो आकडा असेल त्याच आकड्याचं वॉल घ्या. '८२ चं टाका, गार राहील' असं कुणी म्हणेल, ऐकू नका.

वॉल परत बसलं की हीटर चालेल आणि गाडी सकाळी वेळेवर गॅसवर जाईल. पण मेमध्ये गाडी ज्या कारणाने तापली होती ते कारण अजून गाडीतच असेल, आणि आता ते झाकायला कुणी नाही. म्हणून त्याच दिवशी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा आणि किडे पाण्याने धुऊन घ्या, कॅप नवीन टाका, आणि गाडी उभ्या उभ्या तापवून पंखा लागतो का, एसी लावल्यावर लागतो का, हे दोन्ही बघा. एवढं करूनही चढाला काटा वर गेला तर रेडिएटर काढून आतून साफ करायला द्यावा लागेल. तेव्हा पुन्हा कुणी वॉल काढायला निघालं तर त्याला टोपणाला हात लावू देऊ नका.